झडप बदलल्यानंतर नाडीची देखरेख

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके भरून आले, रुग्ण घरी परतला, की आता सारे संकट टळले असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हृदयाची झडप बदलल्यानंतरच्या काळजीचा महत्त्वाचा भाग घरीच पार पाडावयाचा असतो. त्यात नाडीच्या तालावर लक्ष ठेवणे हे सर्वांत सोपे व बिनखर्चाचे काम आहे.

आपल्याकडे लहानपणी घसा येऊन त्यामागून होणारा ऱ्हुमॅटिक ताप हे झडपा बिघडण्याचे एक प्रमुख कारण आहे. अशी निकामी झडप काढून कृत्रिम झडप बसविण्याचे यश अमेरिकेत १९६० साली डॉ. अल्बर्ट स्टार यांना लाभले. भारतात तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली.

ताल का बिघडतो?

झडप नवी असली तरी हृदयाचा स्नायू जुनाच असतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने त्याचे वरचे कप्पे फुगलेले असतात. त्यांत विद्युत्‌लहरी सैरावैरा धावू लागल्या, की ते कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात व नाडी अनियमित होते. हा दोष शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत अधिक आढळतो; परंतु घरी गेल्यावरही तो उद्भवू शकतो. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते, व ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. याउलट, झडपेलगतच्या विद्युत्‌मार्गास इजा झाल्यास नाडी फार मंद होते.

नाडी कशी मोजावी?

रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर मधली दोन-तीन बोटे हलकेच टेकवावीत. अंगठा वापरू नये. पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची रीत अनियमित नाडीत फसवी ठरते. वहीत तारीख, वेळ, ठोक्यांची संख्या, ताल नियमित की अनियमित, आणि काही त्रास असल्यास तो लिहावा. घरातील शाळकरी मुलासही ही नोंद ठेवता येईल.

विश्रांतीच्या वेळी मिनिटास ६० ते १०० ठोके सामान्य मानतात. तथापि औषधांमुळे ते कमी असू शकतात. म्हणून प्रत्येक रुग्णाने आपली मर्यादा डॉक्टरांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. ताल अनियमित असताना काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी परिचारिकेने छातीवर नळी लावून मोजलेली संख्या अधिक विश्वसनीय असते.

अलीकडे मनगटी घड्याळे व हातात धरावयाची छोटी ई.सी.जी. यंत्रे मिळतात. त्यांनी टिपलेला आलेख डॉक्टरांना उपयोगी पडतो. पण यंत्राने ‘ठीक’ म्हटले म्हणून होणारा त्रास अंगावर काढू नये.

गोळी बंद करू नये

नाडी सुरळीत झाली म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी सोडणे हा घातक गैरसमज आहे. धातूची झडप असल्यास ही गोळी जन्मभर घ्यावी लागते, कारण गुठळी झडपेवरही धरते. आय.एन.आर. ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. पालेभाजी वर्ज्य नाही. तिचे प्रमाण मात्र रोज सारखे असावे. डॉक्टरांस विचारल्याविना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

तात्काळ रुग्णालय गाठावे

नाडी एकाएकी अनियमित झाली, विश्रांतीतही १२० च्या वर राहिली अथवा ५० च्या खाली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. भोवळ येऊन शुद्ध हरपणे, धाप लागणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, किंवा धातूच्या झडपेचा नेहमीचा टिकटिक आवाज दबणे, यांपैकी काहीही घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आरोग्यसेवक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी आपल्या गावातील अशा रुग्णांस नाडी मोजण्यास शिकवावे व त्यांची वही अधूनमधून पाहावी. दिवसातील एका मिनिटाची ही दक्षता महागड्या शस्त्रक्रियेचे फळ टिकवून ठेवते.