पानाआधी उगवणारी भाजी

मे सरता सरता दोन-चार सरी पडल्या, की ठाणे, कल्याण, पनवेलच्या बाजारांत रस्त्याच्या कडेला एक अजब भाजी दिसू लागते. तिला ना पान, ना शेंग. तपकिरी-जांभळट, टोकाला निमुळते कोंब तेवढे जुड्या बांधून मांडलेले. ही शेवळं. पालघर, ठाणे, रायगडच्या रानांतून आदिवासी बायका ती खुडून आणतात आणि पाऊस स्थिरावेपर्यंत त्यांचा हंगाम आटोपलेलाही असतो.

कोंब म्हटलं खरं, पण शेवळं म्हणजे फुलोरा, तोही न उमललेला. बहुतेक झाडं आधी पानं काढतात, पानांनी अन्न कमावतात आणि मग फुलतात. शेवळाचा कंद मात्र सगळा हिवाळा-उन्हाळा जमिनीखाली काढतो आणि पावसाची चाहूल लागताच थेट फूलच वर पाठवतो. एकही हिरवं पान नसताना हा खर्च त्याला परवडतो, कारण गेल्या पावसाळ्याची कमाई कंदात शिल्लक असते. फुलोरा संपला की मग पान येतं, एकच. ठिपकेदार देठावर छत्रीसारखं पसरलेलं. पुढचे काही महिने ते पान कंद भरत राहतं आणि पाऊस सरल्यावर सुकून जातं. आज आपण खातो ते शेवळं गेल्या श्रावण-भाद्रपदातल्या उन्हावर पोसलेलं आहे!

या खानदानाचे इतर सदस्यही पाहण्यासारखे. आपला सुरण याचा सख्खा भाऊ. आणि सुमात्राच्या जंगलातला, माणसाहून उंच फुलोरा काढणारा 'टायटन अरम' हाही त्याच प्रजातीतला. बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८७८ मध्ये सापडला आणि १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात फुलला. त्याचा मधला दांडा उमलताना माणसाच्या अंगाइतका तापतो आणि त्या उष्णतेवर कुजक्या मांसाचा वास दूरवर पसरतो. त्या वासाला भुलून किडे येतात आणि परागीभवन करून जातात. आपलं शेवळंही उमललं की घाण वासानेच किड्यांना बोलावतं. म्हणून तर ते मिटलेलं असतानाच खुडायचं. उमललेलं शेवळं कुणी घरात घेणार नाही.

आता विळी पुढे ओढू. बाहेरचं आवरण उलगडलं की आत एक दांडा लागतो आणि त्याच्या खालच्या भागात पिवळसर, दाणेदार पट्टा. 'तो खाजरा, काढून टाक,' असं सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांतल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. गंमत अशी, की ते दाणे हीच शेवळाची खरी फुलं. बाकीचा दांडा आणि भोवतालचं आवरण हा किड्यांसाठी मांडलेला थाटमाट, आणि आपण खातो तो नेमका थाटमाट.

खाज कुठून येते? या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्याने भरलेले असतात. पेशी फुटली की त्या सुया जिभेत, घशात रुततात. अळू-सुरणाने ज्यांचा घसा एकदा धरला आहे त्यांना जास्त सांगायला नको. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसतं धुऊन भागत नाही. बारीक चिरलेली शेवळं तेलावर सावकाश परतायची, भरपूर शिजवायची आणि त्यांत आंबट घालायचं, हा यावरचा जुना उतारा. त्यासाठी बाजारात शेवळांच्या शेजारीच काकडांचे वाटे असतात. काकड हे त्याच रानातलं झाड, गुग्गुळाच्या कुळातलं. त्याची लहान हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घालतात. खाजरा फुलोरा आणि त्यावरचं आंबट फळ एकाच रानात एकाच वेळी तयार व्हावं, आणि कुणीतरी ते ताडून एका भांड्यात आणावं, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं. त्या पहिल्या सुगरणीचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

पुढे घराघराची रीत. कुणी कोलंबी घालतं, कुणी खिमा, कुणी सोललेले वाल. माझं मत विचाराल तर कोलंबी. खिम्यात शेवळं हरवतात.

शेवळांच्या पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी येतात. यांचंही गणित वेळेचंच. पानं कोवळी आहेत तोवर भाजी, मग नुसता चोथा. रात्री पानं मिटून घेणारा टाकळा फुलावर आला की त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

रानात जाऊन स्वतः खुडण्याचा मोह मात्र आवरा. शेवळाच्याच कुळातला विषारी सापकांदा त्याच पावसात त्याच सह्याद्रीत उगवतो, आणि ओळख ही फोटो बघून होत नाही. शिवाय जाणती बाई फुलोरा खुडते आणि कंद मातीत ठेवते, म्हणून त्या कंदाला पुढे पान येतं आणि तो पुढच्या पावसाळ्यासाठी टिकतो. हौशी हात कंदासकट उपटतात. तेव्हा शेवळं तिच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता, आणि काकडं मागायला विसरू नका. ती नसतील तर चिंच घाला. पण आंबटाशिवाय शेवळं चुलीवर चढवू नका.