विश्लेषण : बालवर्गातील मुलांच्या हाती टॅब हवा का? संशोधन काय सांगते?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या हाती चकचकीत माहितीपत्रके पडू लागतात. ‘बालवर्गापासून टॅबवर शिक्षण’, ‘पूर्णपणे डिजिटल वर्ग’ असे त्यात ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि त्यासाठी वेगळे शुल्कही आकारले जाते. त्याच वेळी बालरोगतज्ज्ञ मात्र मुलांना पडद्यापासून शक्य तितके लांब ठेवा, असे बजावत असतात. अशा वेळी खरे कोणाचे मानायचे? टॅब आणि संगणकामुळे लहान मुले लवकर शिकतात की उलट मागे पडतात?

विषय पुन्हा चर्चेत का आला?

शाळांमध्ये डिजिटल साधने आणण्यात स्वीडन हा देश आघाडीवर होता. तेथे २०१९पासून लागू झालेल्या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमात डिजिटल साधनांचा समावेश होता. मात्र २०२३मध्ये तेथील सरकारने हे धोरण मागे घेण्याची घोषणा केली. सहा वर्षांखालील मुलांचे डिजिटल शिक्षण थांबवावे आणि शाळांमध्ये छापील पुस्तके, शांत वाचन आणि हाताने लिहिणे यांवर भर द्यावा, अशी भूमिका सरकारने घेतली. पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी त्या वर्षी ६८.५ कोटी क्रोनरची तरतूद करण्यात आली.

चौथीच्या मुलांचे वाचनकौशल्य मोजणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्वीडनचे सरासरी गुण २०१६मध्ये ५५५ होते, ते २०२१मध्ये ५४४वर आले. ही घसरण केवळ पडद्यामुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण मधल्या काळात करोनाची साथही येऊन गेली होती. तरीही तेथील नामवंत कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने, डिजिटल साधनांमुळे मुलांचे शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते, असे मत सरकारला कळवले. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक शिक्षण अहवालानेही तंत्रज्ञान वापरताना शिकणाऱ्या मुलाचे हित आधी पाहा, असा इशारा दिला.

वयानुसार मर्यादा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार एक वर्षापर्यंत पडदा मुळीच नको, दुसऱ्या वर्षीही तो टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही जवळपास अशाच आहेत. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडीओ कॉल वगळता दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तासाच्या आत आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत.

करोनाकाळात केंद्र सरकारने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ ही नियमावली काढली, तेव्हाही पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक वेळ नको, असे त्यात म्हटले होते. या मर्यादेत शाळेतला टॅब, घरातला मोबाइल आणि दूरचित्रवाणी हे सर्व एकत्र धरायचे असते, हे अनेकदा विसरले जाते.

लहान मूल पडद्यावरून शिकत नाही का?

अगदी लहान वयात फारच कमी शिकते, असे संशोधन सांगते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा मानला जातो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना १२ वेळा चिनी भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत होती, तर काहींना तीच भाषा, तेवढाच वेळ, व्हिडीओवर दाखवली गेली. प्रत्यक्ष व्यक्तीसोबत खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. व्हिडीओ पाहिलेल्या बाळांना तो ओळखता आला नाही.

बाळांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या चित्रफितींचीही अशीच परीक्षा झाली. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १२ ते १८ महिन्यांच्या मुलांनी महिनाभर चित्रफीत पाहिली. ती न पाहिलेल्या मुलांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. ज्यांच्या आईवडिलांनी तेच शब्द रोजच्या बोलण्यातून शिकवले, ती मुले सर्वांत पुढे होती.

मग दोष पडद्याचाच का? तसेही नाही. २०१४मधील एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना व्हिडीओ कॉलवरून नवे शब्द शिकता आले. मात्र आधी चित्रित केलेल्या संवादातून ते आले नाहीत. दोन्हींत समोर पडदाच होता. फरक एवढाच की कॉलवरची व्यक्ती मुलाचे ऐकून, त्याच्याकडे पाहून उत्तर देत होती. परगावी असलेली आजी व्हिडीओ कॉलवर गोष्ट सांगते आणि नातू मध्येच प्रश्न विचारतो, तेव्हा तो शिकत असतो. तीच गोष्ट एखाद्या चॅनेलवर लावून दिली, तर त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते.

टॅबमुळे काय कमी होते?

पडद्यामुळे होणारे नुकसान बऱ्याचदा पडद्यावर काय दिसते यापेक्षा त्या वेळात काय घडायचे राहून गेले, यात असते. ऑस्ट्रेलियातील २२० कुटुंबांत मुलांच्या कानावर पडणारे बोलणे यंत्राद्वारे मोजले गेले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, तीन वर्षांच्या वयात पडद्यासमोरच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे सरासरी साडेसहा शब्द कमी पडत होते. मूल स्वतःही कमी बोलत होते. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, पण घराघरांतला अनुभव याहून वेगळा नाही.

गोष्टीच्या पुस्तकांबाबतही असेच आढळले. बटण दाबले की आवाज करणारे इलेक्ट्रॉनिक पुस्तक हाती असेल, तर पालकांचे बोलणे गोष्टीऐवजी ‘इथे दाब, तिथे हात लावू नको’ याभोवतीच अधिक फिरते. अशा पुस्तकातून तीन वर्षांच्या मुलांना गोष्ट कमी कळल्याचे २०१३मधील एका अभ्यासात दिसले.

तिसरा मुद्दा लिहिण्याचा. २०१२मध्ये अमेरिकेत, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरे हाताने काढायला, काही गिरवायला आणि काही कीबोर्डवर दाबायला दिली गेली. त्यानंतर मेंदूचे स्कॅन घेतले असता, हाताने काढलेली अक्षरे पाहताना वाचनाशी निगडित भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. हा प्रयोग लहान होता आणि रोमन अक्षरांवर होता. पण काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे असलेली देवनागरी शिकताना हाताच्या वळणाचे महत्त्व कमी असेल, असे मानण्याचे कारण नाही. पाटीवर चुकतमाकत ‘क्ष’ काढणारे मूल त्या अक्षराचा आकार स्वतः घडवत असते. चार पर्यायांतून ‘क्ष’वर बोट ठेवताना ते फक्त तो ओळखते.

केवळ यंत्रे वाटून काय साधले?

‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेने एकेकाळी मोठी आशा निर्माण केली होती. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेतही २००७मध्ये तिचा प्रयोग झाला. या मोहिमेत सर्वांत मोठी उडी पेरू या देशाने घेतली. तेथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. ग्रामीण भागातील ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२मध्ये समोर आले. विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२वरून १.१८वर गेले होते, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडला नव्हता. लॅपटॉप आले, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली.

म्हणजे फायदा कुठेच झाला नाही?

झाला आणि तो भारतातच झाला. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ सुरू केले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला फक्त दोन तास. त्यांच्या गणितात ठळक सुधारणा झाली. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचा या अभ्यासात सहभाग होता. मात्र खेळ बंद झाल्यावर वर्षभरात हा फायदा बराचसा ओसरला, हेही त्यांनीच नोंदवले.

दिल्लीत प्रामुख्याने सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत असा प्रयोग झाला. प्रत्येक मुलाची खरी पातळी ओळखून त्यानुसार प्रश्न देणारी संगणकप्रणाली तिथे वापरली होती. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुले पुढे गेली. सहावीत बसलेले मूल प्रत्यक्षात तिसरीच्या पातळीवर असेल, तर त्याला तिथूनच सुरुवात करून देणे पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला जमत नाही. संगणकाला ते जमते. पण ही मुले मोठी, लिहिता-वाचता येणारी होती. त्यांना लागू पडले ते बालवर्गाला तसेच लागू पडेल, असे नाही.

शिक्षकाच्या जागी की शिक्षकासोबत?

या साऱ्या वादावर सर्वांत थेट उत्तर देणारा अभ्यास गुजरातमधला आहे. वडोदऱ्याच्या अभ्यासगटातील अर्थतज्ज्ञ ली लिंडेन यांनी ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. काही वर्गांत तो शाळेच्या वेळेत, शिक्षिकेचा तास कमी करून दिला. इतर वर्गांत तो शाळेच्या आधी किंवा नंतर, जादा वेळ म्हणून दिला.

शिक्षिकेचा तास गेलेली मुले गणितात मागे पडली आणि हा फरक किरकोळ नव्हता. १०० मुलांच्या रांगेत मधोमध असलेले मूल साधारण ७२व्या क्रमांकापर्यंत मागे जावे, एवढा तो होता. जादा वेळ मिळालेल्या मुलांना मात्र फायदा झाला आणि कच्च्या मुलांना तो अधिक झाला. यंत्र तेच, धडे तेच, वयही तेच. पहिल्या ठिकाणी संगणकाने चांगल्या शिक्षिकेचा तास घेतला, दुसऱ्या ठिकाणी त्याने रिकामा वेळ भरून काढला. टॅब चांगला की वाईट, यापेक्षा तो कशाच्या जागी येतो आहे, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रातील शाळांसाठी याचा अर्थ काय?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. त्यात पुस्तक मुलाच्या हातून गेले नाही आणि शिक्षकही वर्गातून गेला नाही. कविता ऐकण्याची सोय तेवढी जास्तीची मिळाली.

वाडी-पाड्यांवरच्या कमी पटाच्या शाळांत एक-दोन शिक्षक पहिली ते चौथीचे सारे वर्ग सांभाळतात. गुरुजी तिसरीला भागाकार शिकवत असताना पहिलीची मुले अनेकदा नुसती बसून असतात. अशा वेळी २० मिनिटे चांगली गोष्ट ऐकवणारा टॅब उपयोगी ठरू शकतो. तो रिकाम्या वेळेच्या जागी येतो. पण ‘टॅब दिला आहे, आता दुसरा शिक्षक कशाला?’ असा विचार सुरू झाला, तर गुजरातमधल्या त्या पहिल्या गटासारखी गत होण्याचा धोका आहे. ज्या मुलांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, त्यांना याचा सर्वाधिक फटका बसेल. शिक्षकांची रिक्त पदे भरण्याला टॅब हा पर्याय नाही.

पालकांनी काय पाहावे?

बालवर्गात टॅब नसल्याने मूल मागे पडेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. पडदा सरकवणे मूल दोन दिवसांत शिकते. बोलणे, ऐकणे, वाट पाहणे, भांडून पुन्हा खेळायला येणे हे शिकायला वर्षे लागतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे.

टॅब घरात असेलच, तर लहान मुलासोबत बसून पाहावा आणि नंतर त्यावर गप्पा माराव्यात. जेवताना आणि झोपण्याआधी तो नको. पुढे गोष्टी आपोआप सुरू होणारी सोय बंद ठेवावी. मोठी मुले याच यंत्राचे काय करतात, हेही ध्यानात असू द्यावे. ‘असर’च्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरला होता. समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले ७६ टक्के होती.

नोकरी आणि घरकामाच्या धावपळीत अर्धा तास मुलाच्या हाती मोबाइल दिला म्हणून कोणा आईवडिलांनी अपराधी वाटून घेऊ नये. मात्र दिवसभरात मुलाशी गप्पा, एखादी गोष्ट आणि मोकळा खेळ यांसाठी वेळ उरतो का, एवढे पाहावे. शाळेने टॅबचे शुल्क मागितले, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत : दिवसातून किती मिनिटे तो वापरणार? आणि त्या मिनिटांत मूल आतापर्यंत काय करत होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘बाई गोष्ट सांगत होत्या’ किंवा ‘मुले अंगणात खेळत होती’ असे आले, तर त्या शुल्काचा पुन्हा विचार करायला हवा.