नाणेघाट : कल्याण ते जुन्नर जोडणारी वाट

नवी मुंबईहून कल्याणमार्गे माळशेज घाटाकडे निघालेला प्रवासी वैशाखरे गाव ओलांडतो, तेव्हा उजव्या हातास सह्याद्रीच्या कड्यातील एक खिंड दिसते. हाच नाणेघाट. ही चढण आखूड आहे. परंतु कल्याण व सोपारा या बंदरांना जुन्नरशी जोडणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग येथूनच जात असे. पाली साहित्यात सोपाऱ्याचा उल्लेख 'सुप्पारक' असा येतो, तर तांडा घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला 'सत्थवाह' म्हणतात.

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, अशी लोकश्रुती आहे. खिंडीतील लेण्यात सातकर्णीची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. राजकुलातील व्यक्तींच्या मूर्तीही तेथे होत्या. आज त्यांच्यावरील नावेच प्रामुख्याने उरली आहेत. कर्नल साइक्स यांनी १८२८ च्या सुमारास या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

आपल्या अनेक बांधवांचा असा समज आहे की, डोंगरातील प्रत्येक लेणे बौद्धच असते. आम्हांस येथे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते की, हे लेणे विहार नाही. लेखाच्या आरंभी इंद्र, संकर्षण, वासुदेव इत्यादींना वंदन आहे. पुढे अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी व कार्षापण यांच्या संख्या अंकचिन्हांत कोरल्या आहेत. पुरावा जे सांगतो तेच आपण मानले पाहिजे. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, ही कालामसुत्ताची शिकवण आहे.

मग या वाटेचा धम्माशी संबंध कोणता? त्याचे उत्तर सुमारे ३० किलोमीटरवरील जुन्नरला मिळते. तेथील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिले, असे तेथील लेख सांगतो. तो 'हेरणिका'चा पुत्र. पालीतील 'हेरञ्ञिक', म्हणजे सराफ, तो हाच शब्द. सुलसदत्त कोणत्या वाटेने आला हे लेखात नाही. परंतु कल्याणहून जुन्नरला जाण्याची जवळची वाट हीच होय.

राजघराण्याने वाटेवर आपल्या यज्ञांची नोंद कोरली. त्याच वाटेने जोडलेल्या जुन्नरात कल्याणच्या एका सराफपुत्राने भिक्खुसंघासाठी चैत्यगृह उभे केले. दोन्ही लेख आपला वारसा आहेत. ते जसे आहेत तसे वाचणे, हे आपले कर्तव्य आहे.