तळ्याच्या पोटातला वायू

ऐका रे पोरांनो. आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरात, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात, न्योस नावाचं तळं आहे. चांगलं 208 मीटर खोल. 21 ऑगस्ट 1986 च्या रात्री त्यातून कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो उताराउताराने दऱ्यांमध्ये उतरला आणि सतराशेहून जास्त माणसं गुदमरून गेली. गुरंढोरंही गेली.

“आजोबा, तो आला कुठून?”

खालून! जमिनीतून झिरपून तो तळाच्या पाण्यात मुरत होता. डोक्यावर एवढ्या पाण्याचा दाब, म्हणून मुकाट्याने विरघळून राहिला. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की फस्सकन् काय होतं, ठाऊक आहे ना? तसंच झालं. पाणी ढवळलं कशाने, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडोत बापडे.

आता खरी गंमत. खाली किती वायू आहे, हे मोजायचं कसं? बाटलीत पाणी भरून वर ओढलं, तर वाटेतच दाब कमी होतो आणि वायू पळून जातो. म्हणजे जिथं पाणी, तिथंच मोजायला हवं.

अशा कामाची एक युक्ती आली दवाखान्यातून. पोलिओच्या साथीत श्वास अडलेल्या रुग्णांच्या रक्तातला हा वायू मोजायची गरज होती. 1954 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टो यांनी त्यासाठी इलेक्ट्रोड सुचवला, जॉन सेव्हरिंगहाउस यांनी तो सुधारला. टोकाला काचेचा फुगा, त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याचा पातळ थर आणि त्यावर टेफ्लॉनचा पडदा. पडद्यातून वायू जातो, पाणी आणि क्षार जात नाहीत. मला विचाराल तर सगळी अक्कल त्या पडद्यात आहे! आत शिरलेल्या वायूमुळे सोड्याचं पाणी थोडं आंबटाकडे झुकतं आणि काचेपाशी विजेचा दाब बदलतो. वायू दहापट झाला, की साधारण 59 मिलिव्होल्टचा फरक. तळ्यात मात्र दम धरावा लागतो. वायू पडद्यातून हळूहळू शिरतो, थंड पाण्यात तर आणखीच हळू.

न्योसमध्ये आम्लता आणि विद्युतवाहकता मोजणारी यंत्रं खोलवर सोडून वायूचा हिशेब मांडला गेला. मग 2001 मध्ये तळापर्यंत नळी सोडली. एकदा पंपाने पाणी वर खेचलं, की पुढे त्यातला वायूच ते वर ढकलतो. पन्नास मीटरच्या आसपास उंच कारंजं उडालं! 2011 मध्ये आणखी दोन नळ्या बसवल्या.

“म्हणजे आता धोका संपला?”

न्योसचा बराच कमी झाला. पण रवांडा आणि काँगोच्या सीमेवर किवू नावाचं याहून कितीतरी मोठं तळं आहे. त्यात सुमारे 300 घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि वर मिथेन विरघळलेला आहे. काठावर लाखो लोक राहतात, आणि तिथलं मोजमाप अजून चालू आहे.