कार्यकारी प्रमुखाची निवड : सवच्या मतदाराच्या संदर्भात

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या मतदारांनी 5 नोव्हेंबर 2024 रोजी गव्हर्नर, राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि संघराज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य एकाच दिवशी निवडले. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील सव या गावच्या मतदारांसाठी 7 मे रोजी लोकसभेचे आणि 20 नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान झाले. मात्र पंतप्रधान वा मुख्यमंत्री या पदांसाठी त्यांना प्रत्यक्ष मत द्यावयाचे नव्हते. या भेदाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सव हे गाव महाड विधानसभा मतदारसंघात येते. राज्याच्या 288 आमदारांपैकी एक या मतदारसंघातून निवडला जातो. संविधानाच्या अनुच्छेद 164 नुसार मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असते. महाड हे 1927 च्या चवदार तळे सत्याग्रहाचे स्थान. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या पद्धतीचे समर्थन केले. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक असते आणि मसुद्याने उत्तरदायित्वास प्राधान्य दिले आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ग्रामपातळीवर मात्र स्थिती निराळी आहे. जिल्हा परिषद व पंचायत समितीचे प्रमुख सदस्यांतूनच निवडले जावेत, असे अनुच्छेद 243ग सांगतो. सरपंचाच्या निवडीची पद्धत तो राज्य विधिमंडळावर सोपवितो. त्यानुसार महाराष्ट्रात 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड सुरू झाली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणजेच ग्रामीण मतदार प्रत्यक्ष मताने निवडतो असा कार्यकारी प्रमुख सरपंच हाच होय.

थेट निवडीमुळे सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. नॉर्थ कॅरोलिनातही 2024 मध्ये गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचा निवडून आला, तर विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत राहिले. अशा वेळी पाणीपुरवठा वा रस्त्याचे काम रखडल्यास जबाबदार कोण, हे मतदारास ठरविणे कठीण जाते. संसदीय पद्धतीत सरकारचे दैनंदिन मूल्यमापन विधिमंडळ करते. थेट सरपंचाबाबत ते कार्य ग्रामसभेकडे येते. ग्रामसभा नियमित व सजग नसेल, तर थेट निवडीने स्थैर्य लाभेल. उत्तरदायित्व मात्र पुढील निवडणुकीपर्यंत लांबणीवर पडेल.