हिवाळ्यातील ग्रीक बेटे

एजियन समुद्रातील सिक्लाडीस बेटांची पांढरीशुभ्र घरे आपण चित्रांत पाहतो, ती बहुधा उन्हाळ्यातली. नोव्हेंबर उजाडला की वेगवान नौका बहुतेक बंद होतात, खानावळींना कुलपे लागतात, आणि पिरेअस बंदरातून सुटणारी मोठी, संथ जहाजेच काय ती पारोस, नाक्सोसला जात राहतात.

नाक्सोसहून पुढे इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी अशी चिमुकली बेटे घेत आमोर्गोसला जाण्याचा मार्ग आहे. ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ या लहानशा बोटीने तो वर्षानुवर्षे सांभाळला. नावात एक्सप्रेस असली तरी घाई तिच्या स्वभावात नव्हती! असल्या फेऱ्यांचा खर्च भाड्यातून निघत नाही, म्हणून सरकार अनुदान देते. ग्रीक लोक अशा मार्गाला ‘नापीक मार्ग’ म्हणतात. बेटवासीयांचे औषध, टपाल, किराणा मात्र हिवाळ्यात याच नापीक मार्गाने येतो. प्रवासी हा त्या बोटीवरचा पाहुणा होय.

वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापाने ८ वर गेला की साधारणतः जहाजांना बंदर सोडण्यास मनाई होते. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद झालेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. तेव्हा परतीच्या विमानापूर्वी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, आणि ते नाक्सोससारख्या मोठ्या बेटावर काढावेत. जानेवारीच्या सुमारास मधूनच समुद्र निवांत होतो. अंडी उबवणाऱ्या खंड्या पक्ष्यासाठी देवांनी वारा आवरला, अशी तिकडची जुनी कथा आहे. त्या दिवसांत खुशाल डेकवर ऊन खात बसावे; बोट सुटण्याची वेळ तेवढी आदल्या संध्याकाळी बंदरावर पुन्हा विचारून घ्यावी.