कोमट समुद्र, गार फ्रिज

कॅरिबियन समुद्राचं पाणी ऐन उन्हाळ्यात २८-२९ अंश सेल्सिअस असतं. डुंबायला उतरलं तरी हुडहुडी भरत नाही. अशा पाण्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या चाळीस फुटी शिडाच्या बोटीत लोणी घट्ट राहतं, मासळी टिकते, आणि त्यात या कोमट पाण्याचाच मोठा हात असतो! ऐकताना चेष्टाच वाटते.

गंमत अशी की फ्रिज थंडी तयार करतच नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकणं एवढंच त्याचं काम. बोटींच्या फ्रिजमध्ये बरेचदा वापरला जाणारा आर-१३४ए हा शीतक साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो. फ्रिजच्या आतल्या नळ्यांत तो कमी दाबाखाली उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दूध-भाजीतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, वाफ तापते, आणि कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. घरात ही उष्णता स्वयंपाकघरातल्या हवेत जाते. बोटीत ‘हवा’ म्हणजे ओट्याखालचं कोंदट कपाट, बरेचदा इंजिनाला लागून; तिथला पारा दुपारी चाळिशी गाठतो.

अशा हवेत शीतकाला ५५ अंशांवर द्रव व्हावं लागलं, तर कॉम्प्रेसरला वातावरणाच्या जवळजवळ १५ पट दाब द्यावा लागतो. समुद्राच्या पाण्यामुळे तेच काम ३८ अंशांवर भागलं, तर साडेनऊ पट पुरतो. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली मांडलेल्या विचारातून पुढे जे सूत्र निघालं, त्यात आतल्या नळ्यांचं तापमान उणे १० अंश धरून बघा: आदर्श यंत्र तेवढ्याच विजेत सुमारे ३५ टक्के जास्त उष्णता बाहेर काढतं. खरी यंत्रं आदर्शाच्या बरीच मागे असतात, पण फरकाची दिशा हीच. सौर पॅनेल आणि १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर दिवस काढणाऱ्याला तो फरक रोज दिसतो.

शिवाय पाणी उष्णतेच्या बाबतीत विलक्षण अधाशी. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता घेतल्यावर ते जेमतेम एका अंशाने तापतं. गरम खिरीवर फुंकर घालत बसण्यापेक्षा पातेलं पाण्याच्या परातीत ठेवणारी आजी हेच करत होती.

पाणी कंडेन्सरपर्यंत न्यायचं कसं, इथे मात्र डोकं खाजवावं लागतं. सरळ मार्ग पंपाचा: समुद्राचं पाणी ओढायचं, नळ्यांभोवती फिरवायचं, बाहेर सोडायचं. पण पंप स्वतः वीज खातो, गाळणीत शेवाळ अडकतं, आणि तो बंद पडला की फ्रिजही बसतो. मला हा मार्ग पटत नाही. फ्रिगोबोट या ब्रँडचा उपाय जास्त देखणा आहे. त्यात कांस्याच्या बारीक कणांपासून बनवलेला ठोकळा बोटीच्या बाहेर, पाण्याखाली बसवतात आणि शीतक थेट तिथपर्यंत जाऊन येतो. पाणी हलवायला पंपच नाही. इसोथर्म या दुसऱ्या ब्रँडची एक रचना तर याहून खट्याळ: बेसिनचं सांडपाणी जिथून समुद्रात जातं, त्या तोंडालाच कंडेन्सर गुंडाळलेला. बोट लाटांवर डुलते, नळीतलं पाणी खालीवर होतं. पंपाचं काम लाटा फुकटात करतात!

मग सगळेच हे का बसवत नाहीत? बोटीच्या तळाला नवं भोक पाडायची छाती सगळ्यांना नसते. खाऱ्या पाण्यात धातूला धातू खातो, त्यामुळे ठोकळ्याऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या बळी-पट्ट्यांवर लक्ष ठेवावं लागतं. ठोकळ्यावर शिंपले-शेवाळ चढलं की ते अधूनमधून खरवडायला पाण्यात उतरावं लागतं. थंड प्रदेशात फिरणाऱ्याला तर साधा पंखाही पुरतो.

आणि खरेदीच्या आधी फ्रिजच्या भिंती बघाव्यात. आत शिरणारी बरीचशी उष्णता तिथूनच येते. भिंतीत दहा सेंटिमीटर चांगला फोम नसेल तर कंडेन्सरवरचा खर्च पुढच्या वर्षी केला तरी चालेल. उष्ण कटिबंधात महिनोन्‌महिने नांगरावर राहणाऱ्याने त्यानंतर खुशाल पंपाविना पाण्याचा कंडेन्सर घ्यावा. फक्त रंगकामासाठी बोट यार्डात वर काढायच्या आधी फ्रिज रिकामा करावा, कारण जमिनीवर त्या ठोकळ्याभोवती पाणीच नसतं.